छोटा पंप, छोटी चिप आणि रासायनिक सेन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या अंबडमधल्या एका गाळ्यात आम्ही दोघं पाणी तपासायच्या चिप बनवतो. दिवसभर फोनवर प्रश्न येत असतात. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं विचारतात, निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार विचारतात, अधूनमधून एखाद्या वायनरीतला केमिस्टही विचारतो. विचारणारे वेगळे असले तरी प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र केली. आकडे देताना एकच चिप धरली आहे: नाली ५०० मायक्रॉन (१००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर) रुंद, १०० मायक्रॉन उंच, ५ सेंटिमीटर लांब, आणि प्रवाह मिनिटाला १०० मायक्रोलिटर (१००० मायक्रोलिटर म्हणजे १ मिलिलिटर). तुमची चिप वेगळी असेल तर आकडे बदलतील, हिशोबाची रीत बदलणार नाही.

प्र. १. मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणजे नक्की काय? कॉम्प्युटरच्या चिपसारखी असते का?

नाव सारखं, काम वेगळं. ही प्लास्टिकची किंवा काचेची पट्टी असते. तिच्यात केसाएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या नाल्या असतात आणि त्यांतून वीज नाही, द्रव वाहतो. वर धरलेल्या नालीत एकूण अडीच मायक्रोलिटर पाणी मावतं. लहान मुलांना लावतात त्या सलाइनच्या बारीक सेटमधून १ मिलिलिटरचे ६० थेंब पडतात, म्हणजे एक थेंब साधारण १६ मायक्रोलिटरचा. त्या एका थेंबात ही चिप सहा वेळा भरते.

प्र. २. सेन्सर सरळ पाण्यात बुडवला की झालं. पंप हवा कशाला?

आठवड्यातून एकदा विहिरीचं पाणी बघायचं असेल तर खरंच नको. बुडवायचा मीटर घ्या आणि हे पान इथेच बंद करा. पंप लागतो तो क्रमासाठी: आधी प्रमाणित द्रावण (ज्यातलं प्रमाण आधीच माहीत असतं ते), मग नमुना, मग धुणं, मग पुन्हा प्रमाणित द्रावण. हे दर अर्ध्या तासाला, माणूस जवळ नसताना व्हायला हवं असेल तर पंपाशिवाय गत्यंतर नाही. सेन्सरपुढचं पाणी सतत ताजं राहतं आणि अभिकर्मक, म्हणजे तपासणीसाठी मिसळायचं रसायन, थेंबाथेंबाने पुरतं, हे वरचे फायदे.

पण सेन्सर आता एकटा राहत नाही, हेही लक्षात घ्या. पंप धक्का देतो, विजेचा गोंगाट करतो, बुडबुडा आणतो, आणि या तिन्ही गोष्टी सेन्सर इमानेइतबारे मोजून दाखवतो. आमच्याकडे ‘सेन्सर खराब आहे’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत सेन्सर चांगला निघतो आणि दोष नळीत, जोडात किंवा पंपात सापडतो. खालचे अर्धे प्रश्न त्याचेच आहेत.

प्र. ३. पंप कोणता घेऊ?

सिरिंज पंप: स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्याने फिरणारी) आणि आटे असलेला दांडा, त्याने सिरिंजचा दट्ट्या ढकलायचा. प्रवाह सगळ्यांत सरळ. सिरिंज संपली की थांबायचं, हा मुख्य त्रास. फार हळू चालवला तर मोटरचे टप्पे रीडिंगमध्ये दिसतात. तेव्हा बारीक सिरिंज घ्या, म्हणजे तेवढ्याच प्रवाहासाठी मोटर जास्त फिरते. प्रोजेक्ट करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हाच सांगतो.

पेरिस्टाल्टिक पंप: रोलर मऊ नळी दाबत पुढे नेतात. द्रव फक्त नळीला लागतो, हवा आली तरी तो अडत नाही, आणि ऑनलाइन स्वस्तात मिळतो. मात्र धक्के देतो. तीन रोलर आणि मिनिटाला २० फेरे म्हणजे सेकंदाला एक धक्का. नळी दबून दबून सैल पडते आणि प्रवाह हळूहळू उतरतो. शेतावर बसवायच्या यंत्रात आम्ही तरीही हाच लावतो, कारण नळी बदलायला गडीमाणसालाही दोन मिनिटं लागतात.

पिझो पंप: नाण्याएवढा, वजन नाममात्र. वीज दिली की वाकणारा एक पातळ पडदा सेकंदाला शंभरेक वेळा वर-खाली होतो आणि दोन झडपा द्रवाला एकाच दिशेने सोडतात. सिलिकॉनमधला असा पंप हॉलंडच्या ट्वेंटे विद्यापीठातून १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. गंमत म्हणजे चिपवरच्या पीएच सेन्सरचा पूर्वज, संशोधक बर्गव्हेल्ड यांचा आयसफेट, हाही त्याच विद्यापीठातला, १९७० चा. पंप आणि सेन्सर एकाच घरातले, पण शेजारी बसवले की भांडतात (प्र. ८). पिझो पंप हातात धरायच्या यंत्राला उत्तम. त्याला गाळ चालत नाही आणि बुडबुडाही चालत नाही.

शोधनिबंधांत दिसणारे हवेच्या दाबावर मिटणाऱ्या झडपांचे पंप, तीन झडपा ओळीने उघडमीट करणारे, २००० सालापासून आहेत आणि प्रयोगशाळेत देखणे चालतात. बांधावर कॉम्प्रेसर कोण नेणार? विद्युत्-परासरणावर चालणारे पंप नालीतच मोठं विद्युतक्षेत्र लावतात. शेजारी मिलिव्होल्ट मोजायचे असतील तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

प्र. ४. पंप अजिबातच टाळता येईल का?

येईल, आणि जमत असेल तिथे टाळाच. बाटली चिपच्या वर १० सेंटिमीटर टांगली की जवळजवळ १ किलोपास्कल दाब मिळतो. आपल्या चिपमधून त्यावर मिनिटाला ४३ मायक्रोलिटर पाणी जातं. विजेची कटकट नाही, धक्का नाही, गोंगाट शून्य. बाटली रिकामी होत जाते तसा प्रवाह कमी होतो, त्यासाठी पसरट बाटली घ्या, किंवा घट्ट बुचातून हवेची नळी बाटलीत खोलवर सोडा. मग पाण्याची पातळी उतरली तरी त्या नळीच्या टोकापर्यंत दाब तोच राहतो.

दुसरा मार्ग कागदाचा. ग्लुकोमीटरची पट्टी रक्त स्वतःच ओढून घेते, तोच केशाकर्षणाचा गुण. एकदा वापरून टाकायच्या चाचणीला झकास. दर अर्ध्या तासाच्या मापनाला निरुपयोगी.

प्र. ५. किती दाबाचा पंप लागेल, हे आधी कसं काढायचं?

अंदाजाने घेऊ नका, हिशोब पाच मिनिटांचा आहे. चपट्या नालीचा रोध म्हणजे १२ × चिकटपणा × लांबी, भागिले रुंदी × उंचीचा घन, भागिले (१ वजा ०.६३ × उंची/रुंदी). या रोधाला प्रवाहाने गुणलं की लागणारा दाब मिळतो. आपल्या चिपमधून १०० मायक्रोलिटर पाणी न्यायला साधारण २.३ किलोपास्कल, म्हणजे २३ मिलिबार लागतात. एवढंच.

यात लोक दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक उंचीची. उंची घनात आहे. नाली १०० ऐवजी ५० मायक्रॉन उंच केली की दाब दुप्पट होत नाही, साडेसात पट होतो. दुसरी चूक नळीची. अर्धा मिलिमीटर आतल्या व्यासाची एक मीटर नळी एकटीच ११ मिलिबार खाते, म्हणजे चिपच्या जवळजवळ निम्मा. ठिबकवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, लॅटरल लांबली की शेवटच्या ड्रिपरला काय होतं हे त्यांनी पाहिलेलं असतं.

माहितीपत्रकात ‘कमाल प्रवाह’ आणि ‘कमाल दाब’ असे दोन आकडे असतात. ते एकाच वेळी मिळत नाहीत. कमाल दाबाला प्रवाह शून्य असतो आणि कमाल प्रवाहाला दाब शून्य. मधला भाग साधारण सरळ रेषेत धरा आणि गरजेच्या दुप्पट क्षमतेचा पंप घ्या.

प्र. ६. चिप नाशिकमध्ये बनवून मिळेल का, आणि कशाची बनवू?

मिळेल, आणि त्याला चिप कारखान्यासारखी धूळमुक्त खोलीसुद्धा लागत नाही. आमची पहिली चालणारी चिप रेडियमवाल्याकडे झाली. गाड्यांवर नावं चिकटवणारे हे दुकानदार प्लॉटरवर स्टिकर कापतात. त्याच प्लॉटरवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ टेप द्यायची आणि मधली नाली कापून घ्यायची. वर-खाली ॲक्रिलिकच्या पट्ट्या, वरच्या पट्टीला दोन भोकं. टेपची जाडी हीच नालीची उंची, त्यामुळे ती सगळीकडे सारखी येते. लेसरने ॲक्रिलिकमध्ये खोदलेल्या नालीचा तळ खडबडीत येतो आणि बुडबुडे तिथेच अडतात. आम्ही त्यावर एक पावसाळा घालवला आणि पुन्हा टेपकडे वळलो. दुकानदाराने विचारलं होतं, ‘‘हे कुठल्या गाडीला लावायचं?’’

पीडीएमएस हा रबरासारखा पारदर्शक पदार्थ कॉलेजांत लाडका आहे, कारण साचा असला की ओतायचा आणि भाजायचा. झडपा करायला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण तो हवा आणि पाण्याची वाफ आरपार जाऊ देतो, आणि तेलकट स्वभावाचे लहान रेणू पिऊन टाकतो. द्राक्षावरच्या कीटकनाशकाचे अंश मोजायचे असतील तर पीडीएमएस नको. अंश चिपमध्येच मुरतील आणि सेन्सर ‘माल स्वच्छ’ म्हणून सांगेल. तिथे काच वापरा. ऑक्सिजनबद्दल प्र. १७, अल्कोहोलबद्दल प्र. १६.

प्र. ७. पंप सेन्सरच्या आधी लावायचा की नंतर?

आधी लावला तर द्रव ढकलला जातो. जोड गळत असेल तर पाणी बाहेर दिसतं, लगेच पकडता येतं. मात्र प्रत्येक नमुना पंपातून जाऊन मग सेन्सरला भेटतो आणि आधीच्या नमुन्याचा उरलेला अंश सोबत घेऊन येतो.

नंतर लावला तर द्रव ओढला जातो. सेन्सरला अस्पर्श नमुना मिळतो, एकाच पंपावर तीन-चार बाटल्या झडपांनी बदलता येतात. पण जोड किंचित सैल असला तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत येते, आणि ती कुठून येते हे शोधताना दिवस जातो. ओढताना दाब कमी झाल्यामुळे विरघळलेली हवाही सुटते.

वेगवेगळ्या विहिरींचे नमुने एकापाठोपाठ तपासायचे असतील तर मी ओढणारी मांडणी घेतो आणि जोडांवर जीव ओततो. एकच पाणी सतत बघायचं असेल तर ढकलणारी.

प्र. ८. पंप बंद असताना रीडिंग स्थिर असतं. चालू केला की नाचायला लागतं. सेन्सर बदलू का?

नको. आधी हे करून बघा: लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढा आणि बॅटरीवर चालवा. शेवटच्या वर्षाची दोन मुलं तीन आठवडे हैराण होऊन आमच्याकडे आली होती. टेबलावर सगळं मांडलं, आलेख पंख्यासारखा हलत होता. माझ्या सहकाऱ्याने काही न बोलता चार्जर काढला. रेघ सरळ झाली. मुलगी म्हणाली, ‘‘सर, तीन आठवडे!’’

असं का होतं? आयन-निवडक इलेक्ट्रोडचा (नायट्रेटसारखा एकच विद्युतभारित कण, म्हणजे आयन, ओळखणाऱ्या सेन्सरचा) रोध काही मेगोहम ते शेकडो मेगोहम असतो. एवढ्या रोधाला आसपासची कुठलीही वीज चिकटते. पिझो पंपाला दोनेकशे व्होल्टचा शंभर हर्ट्‌झचा सिग्नल जातो आणि तुम्ही त्याच्या शेजारी एक मिलिव्होल्ट शोधत असता. नायट्रेटसारख्या एकभारी आयनासाठी एक मिलिव्होल्ट चुकला की संहती सुमारे ४ टक्के चुकते.

पेरिस्टाल्टिक पंपात वेगळंच भूत असतं. रोलर नळीवर घासून स्थिर वीज तयार होते आणि ती द्रवातून सेन्सरपर्यंत पोचते. आलेखावर रोलरच्या ठेक्यात काटे दिसतात. आमच्याकडे हे डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत जास्त छळतं, पावसाळ्यात जवळजवळ गायब. उपाय साधा: पंप आणि सेन्सर यांच्यामध्ये स्टीलच्या सुईचा तुकडा नळीत घालायचा आणि तो अर्थिंगला जोडायचा. मात्र मग मोजणारं सर्किट बॅटरीवर किंवा विलग ठेवा. दोन्हीकडून अर्थिंग झालं तर रेफरन्स इलेक्ट्रोडमधून (ज्याच्या तुलनेत सेन्सरचं व्होल्टेज मोजतात तो) विजेचा प्रवाह वाहतो आणि रीडिंग कायमचं सरकतं.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे मोजताना पंप थांबवणं. नमुना भरा, पंप बंद, पाच सेकंद थांबा, मोजा, पुन्हा सुरू. पीएच आणि नायट्रेटला हे उत्तम चालतं. ज्या सेन्सरमध्ये करंट मोजतात तिथे सरसकट चालत नाही, ते प्र. १० मध्ये.

प्र. ९. बुडबुडे येतात. सगळं करून झालं. काय करू?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर.

पहिलं, बुडबुडा येतो कुठून? बहुतेकदा पाण्यातूनच. थंड पाण्यात हवा जास्त मावते. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरला ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांच्या पाण्यात ७.६. निफाडकडच्या थंडीत सकाळी भरून आणलेली बाटली दुपारी गाळ्यातल्या उबेत ठेवली की तिसरा हिस्सा बाहेर पडायला बघतो, आणि त्याला बाहेर पडायला तुमच्या नालीतला कोपरा सापडतो. नमुना आणला की तासभर खोलीत राहू द्या, बाटलीवर दोन-चार टिचक्या मारा, मग लावा. निम्मे बुडबुडे इथेच संपतात.

दुसरं, तो अडतो का? पाणी-हवेच्या पृष्ठताणामुळे ५० मायक्रॉन त्रिज्येचा बुडबुडा जवळजवळ २९ मिलिबारचा दाब अडवू शकतो. चिप चालवायला आपल्याला लागतात २३. म्हणजे अडकलेला बुडबुडा पंपाला भारी पडतो. पंप जोरात चालवून तो निघत नाही, कधीकधी जोडच निसटतो. नाली आधी अल्कोहोलने ओली करा, अल्कोहोलचा पृष्ठताण कमी असतो म्हणून ते कोपऱ्यात शिरतं. लगेच मागून पाणी सोडा. ॲक्रिलिकच्या चिपला आणि प्लास्टिकच्या पडद्याच्या सेन्सरला अल्कोहोल सोसत नाही. तिथे पाण्यात डिटर्जंटचा अगदी एखादा थेंब घाला आणि नंतर भरपूर धुवा.

तिसरं, रीडिंगचं काय होतं? बुडबुडा इलेक्ट्रोडवर बसला तर सर्किट तुटतं आणि आकडा कुठेही भटकतो. हे बरं, निदान कळतं. वाईट बुडबुडा तो, जो सेन्सरपासून लांब नळीत बसतो. तो स्प्रिंगसारखा दबतो-फुगतो, त्यामुळे पंप थांबवला तरी द्रव काही वेळ सरकत राहतो आणि तुमचं थांबवून मोजणं फसतं. पिझो पंपाच्या पोटात बसला तर पडदा नुसता बुडबुडाच दाबत राहतो, आवाज येतो, पाणी येत नाही.

चिप सपाट ठेवू नका. बाहेर पडायचं टोक वर करून तिरकी ठेवा. सेन्सरच्या आधी उभा, जरा रुंद कप्पा करा, हवा वर राहते आणि पाणी खालून पुढे जातं. आमच्या यंत्रात तो सलाइनच्या ड्रिप चेंबरसारखाच दिसतो, कारण पहिला आम्ही सलाइनचा सेट कापूनच केला होता.

प्र. १०. प्रवाह वाढवला की सेन्सर जास्त दाखवतो. पाणी तर तेच आहे?

मग तुमचा सेन्सर करंट मोजणारा आहे. इलेक्ट्रोडवर येऊन पोचणाऱ्या रेणूंची संख्या तो मोजतो आणि पाणी वेगाने गेलं की जास्त रेणू पोचतात. नालीतल्या इलेक्ट्रोडवर करंट प्रवाहाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह दुप्पट केला की करंट २६ टक्के वर, प्रवाह १० टक्के हलला की करंट साधारण ३ टक्के हलतो. म्हणजे पेरिस्टाल्टिक पंपाची नळी सैल पडत गेली की तुमचं क्लोरीनसुद्धा ‘कमी’ होत जातं.

अशा सेन्सरला सरळ प्रवाह हवा. पंपाच्या पुढे मऊ सिलिकॉन नळीचा वेटोळा आणि त्यानंतर एक अरुंद नाली लावा. वेटोळा धक्का पोटात घेतो, अरुंद नाली तो हळूहळू सोडते. पीएच किंवा नायट्रेटसारख्या व्होल्टेज मोजणाऱ्या सेन्सरवर प्रवाहाचा परिणाम फारच कमी होतो.

प्र. ११. चिपमध्ये नमुना आणि अभिकर्मक मिसळतच नाहीत. रंग एका बाजूलाच दिसतो.

एवढ्या बारीक नालीत खळखळाट नसतो. दोन द्रव शेजारीशेजारी, एकमेकांची ओळख नसल्यासारखे वाहतात. मिसळणं फक्त विसरणाने होतं आणि त्याला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो: १०० मायक्रॉन पार करायला छोट्या आयनाला सुमारे ५ सेकंद, २०० ला २०, ५०० ला दोन मिनिटं. आपल्या चिपमध्ये पाणी अख्खी नाली दीड सेकंदात पार करतं! म्हणून नाली लांब आणि नागमोडी करा, प्रवाह कमी करा, किंवा तळाला माशाच्या काट्यासारख्या तिरक्या खाचा घ्या. टेपच्या चिपमध्ये खाचा जमत नाहीत, तिथे नागमोडच.

प्र. १२. प्रवाह नक्की किती आहे हे कसं तपासू? फ्लो मीटर महाग आहे.

वजन करा. मिनिटाला १०० मायक्रोलिटर म्हणजे दहा मिनिटांत १ ग्रॅम. सराफ सोनं तोलतात तसा मिलिग्रॅमचा काटा असला की काम झालं. बाहेरचं पाणी झाकणाच्या भोकातून छोट्या बाटलीत घ्या आणि नळीचं टोक पाण्यात बुडलेलं ठेवा. थेंब पडू दिले तर आकडा उड्या मारतो. पंखा बंद करा. उन्हाळ्यात उघड्या वाटीतून उडणारं पाणी नाशकातही चांगलंच जाणवतं.

प्र. १३. रेफरन्स इलेक्ट्रोड कुठे बसवायचा?

नेहमी सेन्सरच्या पुढे, वाहत्या दिशेने. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्समधून क्लोराइड पाझरतं. तो आधी बसवला तर ते क्लोराइड थेट तुमच्या नायट्रेट सेन्सरवर जाईल. छापील पट्टीवरच्या उघड्या रेफरन्सचं व्होल्टेज पाण्यातल्या क्लोराइडप्रमाणे बदलतं. एका विहिरीचं पाणी गोड, दुसरीचं मचूळ, तर रेफरन्सच हलतो आणि नायट्रेट हलल्यासारखं दिसतं. यावर उपाय म्हणून सगळ्या नमुन्यांत आणि प्रमाणित द्रावणांत सारखंच, भरपूर क्लोराइड घालणारे भेटतात. नायट्रेटसाठी तसं करू नका, कारण क्लोराइड त्याच्याच वाटेत येतं (प्र. १५).

प्र. १४. कॅलिब्रेशन (प्रमाणित द्रावणावर सेन्सर जुळवून घेणं) किती वेळा करायचं?

पंप आहे ना? मग प्रत्येक मापनाआधी एका बिंदूचं (एकाच द्रावणावर) आणि रोज एकदा दोन बिंदूंचं (दोन द्रावणांवर). दहापट फरकाच्या दोन द्रावणांत २५ अंशांना ५९ मिलिव्होल्टचा फरक यायला हवा. ५५-५८ आला तर चालेल, ४५ आला तर सेन्सर म्हातारा झाला. तापमान विसरू नका: १५ अंशांना हाच फरक ५७ असतो, ३५ ला ६१. पहाटे शेतात आणि दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये एकच कॅलिब्रेशन वापरणारे नंतर आम्हाला फोन करतात.

आणि नळी धुवायचा वेळ धरा. अर्ध्या मिलिमीटरच्या एक मीटर नळीत जवळजवळ २०० मायक्रोलिटर जुना द्रव असतो, १०० च्या वेगाने तो बाहेर पडायलाच दोन मिनिटं. नीट धुवायला त्याच्या तीन-चार पट.

प्र. १५. चिप नायट्रेट ४० दाखवते, लॅबच्या रिपोर्टवर ९ आहे. कोण खरं?

बहुधा दोघंही. रिपोर्टवर आकड्यापुढे काय लिहिलंय ते बघा. काही जण पूर्ण नायट्रेट मोजतात, काही जण त्यातला फक्त नायट्रोजन लिहितात. दोन्हींत ४.४३ पटींचा फरक आहे. नायट्रोजन म्हणून ९ म्हणजे नायट्रेट म्हणून ४०. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानक आयएस १०५०० मधली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, ती पूर्ण नायट्रेटची. रिपोर्टवरचे ९ बघून ‘४५ च्या कितीतरी आत’ म्हणून निश्चिंत झालेले बागायतदार मी पाहिलेत. त्यांचं पाणी काठावर होतं.

एकक तपासूनही चिप थोडी जास्तच दाखवत असेल तर क्लोराइडकडे बघा. नायट्रेटचा पडदा क्लोराइडलाही थोडं नायट्रेटच समजतो. निवडकता-गुणांक (पडदा क्लोराइडला किती फसतो याचं माप) ०.००५ धरला तर ५०० मिलिग्रॅम क्लोराइडच्या मचूळ बोअरला सुमारे ४ मिलिग्रॅमची खोटी भर पडते. प्रमाणित द्रावणात तुमच्या पाण्याएवढंच क्लोराइड घालून कॅलिब्रेट करा.

प्र. १६. हीच चिप द्राक्षरसाला किंवा वाइनला चालेल?

जशीच्या तशी नाही. ॲक्रिलिकला अल्कोहोलने बारीक तडे जातात, विशेषतः लेसरने कापलेल्या कडेला. तिथे काच किंवा अल्कोहोल सोसणारं सीओसी प्लास्टिक घ्या. आंबत्या रसातून कार्बन डायऑक्साइड सुटत असतो, म्हणजे प्र. ९ दसपट. २० टक्के साखरेचं द्रावण पाण्याच्या जवळजवळ दुप्पट चिकट असतं, म्हणून ताज्या रसाला दाबही दुप्पट धरा. रेड वाइनमधलं टॅनिन इलेक्ट्रोडवर थर धरतं, दर नमुन्यानंतर धुणं सक्तीचं.

प्र. १७. विरघळलेल्या ऑक्सिजनचा सेन्सर चिपमध्ये नेहमी एकच आकडा दाखवतो.

चिप पीडीएमएसची आहे का? मग तुम्ही पाण्यातला नाही, खोलीतला ऑक्सिजन मोजताय. भिंतीतून तो आत येतो. सिलिकॉनच्या नळीतूनही. काच किंवा सीओसी घ्या, नळी आखूड ठेवा, पंप सेन्सरच्या नंतर लावा. आणि तपासताना लिटरला ८.२६ मिलिग्रॅमची अपेक्षा धरू नका. तो समुद्रसपाटीचा, २५ अंशांचा आकडा आहे. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, इथे हवेने तृप्त पाण्यात ७.७ च्या आसपास येईल.

प्र. १८. पावसाळ्यात गोदावरीचं पाणी घेतलं की चिप तुंबते.

तुंबणारच. गाळणीची छिद्रं नालीच्या सर्वांत लहान मापाच्या दहाव्या भागाहून मोठी नसावीत. १०० मायक्रॉनच्या नालीला १० मायक्रॉनची गाळणी. एकच लावली तर तासाभरात तीच तुंबेल, म्हणून आधी तुरटी न घालता नुसतं निवळू द्या, मग जाड गाळणी, मग बारीक. तुरटी का नको? ती पीएच उतरवते आणि सल्फेट वाढवते.

प्र. १९. पहिले चार दिवस छान चालतं, मग रीडिंग एका बाजूला सरकत जातं.

नळी आतून बोटांना बुळबुळीत लागते का बघा. लागली तर जिवाणूंचा थर आहे आणि तो नायट्रेट खातोसुद्धा. नळ्या काळ्या किंवा झाकलेल्या ठेवा म्हणजे शेवाळ तरी धरणार नाही. बुळबुळीत नसेल तर सेन्सरचा पडदा झिजतोय. वाहत्या पाण्यात त्यातला निवडक पदार्थ हळूहळू धुऊन जातो. सतत पाणी वाहवण्याऐवजी मोजण्यापुरतं वाहवा.

प्र. २०. हे रीडिंग तक्रारीला किंवा निर्यातीच्या कागदाला चालेल का?

नाही. तिथे एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच रिपोर्ट लागतो. चिप तुम्हाला नमुना कधी न्यायचा ते सांगेल. ऑक्टोबर छाटणीनंतर खत सोडताना रोजचा चढ-उतार बघायला ती पुरेशी आहे.

प्र. २१. हंगाम संपला की ठेवायचं कसं?

आधी सेन्सर काढून घ्या आणि त्याच्या उत्पादकाने सांगितलं असेल तसं, कोरडा किंवा पातळ प्रमाणित द्रावणात ठेवा. डिस्टिल्ड पाण्यात महिनाभर बुडवून ठेवू नका. मग पंप आणि नळ्यांतून सायट्रिक ॲसिडचं पातळ द्रावण सोडा, कारण आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार झडपेवर बसतात. त्यानंतर डिस्टिल्ड पाणी, आणि शेवटी पाच मिनिटं नुसती हवा. पेरिस्टाल्टिक पंपाची नळी रोलरवरून उतरवून ठेवा. दाबून ठेवलेली नळी सहा महिन्यांनी चपटीच राहते. नवी नळी डब्यात आत्ताच टाकून ठेवा, ऑक्टोबरात छाटणी सुरू झाली की दुकानात जायला कोणालाच वेळ नसतो.